बेल वाजवणारी सुमनमावशी

"दादा, आई गेली... दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही."

मावसभाऊ प्रशांतचा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताट घेऊन उभा होतो. रडू येण्याआधी माझ्या तोंडून निघालं, "घाबरली नाही ना रे?" तो म्हणाला, "नाही. चेहरा एकदम शांत आहे." आणि मला खरंच हायसं वाटलं. आज काही आठवडे झाले, तरी सुमनमावशीची आठवण आली की आधी तेच हायसं वाटणं येतं, दुःख मागून येतं.

मावशी सगळ्याला घाबरायची. पालीला, लिफ्टला, कुकरच्या शिट्टीला... आणि सगळ्यात जास्त दाराच्या बेलला. लग्न होऊन ती लातूरकडून दापोडीला आली. काका एका कारखान्यात फिटर होते. एका दुपारी बेल वाजली, तिनं दार उघडलं, तर काकांच्या बरोबरचे दोघे कामगार खाली मान घालून उभे. हायवेवर काकांना ट्रकनं उडवलं होतं. प्रशांत तेव्हा पाळण्यात होता. शिवणकाम करून तिनं त्याला वाढवलं, इंजिनिअर केलं, पण त्या दिवसानंतर बेल वाजली की ती आतल्या खोलीत जाऊन उभी राहायची. दार दुसऱ्या कुणीतरी उघडायचं. स्वतः कुणाकडे गेली तरी कडीच वाजवायची. आम्ही नातेवाईक तर खालूनच हाका मारायचो.

दोनेक वर्षांपूर्वी मी मित्रांना जमवून एक सिनेमा करायला घेतला, 'ताबा कधी मिळणार?' भुताचा, पण विनोदी. चऱ्होलीतल्या एका म्हातारीच्या घराच्या जागी टोलेजंग इमारत उभी राहते. म्हातारी कधीच वारलेली, पण ते तिलाच ठाऊक नाही. मग ती दारोदार बेल वाजवत विचारत फिरते, "माझं घर कितव्या मजल्यावर आलं?" आम्ही सगळे शिफ्टवाले. त्यामुळे भुताचे सीन सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, खिडक्यांना काळं कापड लावून व्हायचे. भूत करणाऱ्या बाई ऐन वेळी गावाला निघून गेल्या. नेमकी त्याच दिवशी मावशी आमच्यासाठी भाकरी-ठेचा घेऊन आली होती. अर्धवट बांधलेल्या जिन्यात ती बसली असताना एक कबुतर फडफडलं, आणि ती अशी किंचाळली की आमचा कॅमेरावाला सचिन कॅमेरा टाकून पळाला. त्यावर आधी तीच खो खो हसली.

सचिन परत येऊन म्हणाला, "मावशी, तुम्हीच करा ना भूत!"

"मी? मला पाल दिसली तरी घाम फुटतो, लेका."

"तुम्हाला फक्त बेल वाजवायचीय."

त्या बिचाऱ्याला काय माहीत! मी विषय बदलायला गेलो, पण मावशी समोरच्या, शूटिंगसाठी बेल बसवलेल्या बंद दाराकडे बघत राहिली. मग उठली, पदर खोचला. बोट बटणापर्यंत गेलं आणि मागं आलं. पुन्हा गेलं, पुन्हा मागं. शेवटी डोळे गच्च मिटून तिनं बेल दाबली, ती सोडेचना... आत उभा असलेला आमचा मित्र ओरडला, "अहो आलो, आलो!" जेवताना ती हळूच म्हणाली, "बाहेरून किती साधा आवाज येतो रे."

प्रशांत मात्र भडकला. "आपण बौद्ध माणसं, भूतखेत मानत नाही. आणि दादा, तू आईलाच भूत केलंस? विहारातल्या बायका काय म्हणतील?" मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मानत नाही म्हणून तर करतेय. मानणारी बाई भूत व्हायला धजेल का?"

पहिला खेळ वाकडच्या एका सोसायटीत झाला. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस भुताला सांगतो, "आजी, पुढच्या दिवाळीला नक्की," आणि हॉल दणाणला. हे वाक्य निम्म्या लोकांनी स्वतः ऐकलेलं. चऱ्होलीत त्याच जागी कुणी हसलं नाही. एक आजोबा उठून पडद्यालाच ओरडले, "आरं, सांगा की तिला कुणीतरी! म्हातारी किती वणवण करती!"

दापोडीच्या खेळाची आम्हाला धास्ती होती. आपल्याच गल्लीतली माणसं... मावशी तोंडात पदर कोंबून बसली होती. प्रशांत दाराशीच उभा, कधीही निघून जाईल असा. पडद्यावर मावशीचं बोट बेलकडे गेलं आणि सगळा हॉल गप्प झाला. ही बाई बेल का वाजवत नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. बेल वाजली. दार उघडलं. भाडेकरू भुताला बघून आडवा झाला, आणि त्याला बघून भूतच घाबरलं, साडी सावरत जिना उतरून पळत सुटलं. हॉलच्या मागच्या रांगेतून तिची शेजारीण ओरडली, "अगं सुमन, पळतीस कुठं? भूत तू हायस!" हॉल फुटला. मावशीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी वाहत होतं. प्रशांत कधी आत आला कळलं नाही. तो तिच्या पायाशी फरशीवर बसून हसत होता, आणि मग नुसताच डोळे पुसत होता.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. "दादा, आज बेल वाजली, आणि मी उठायच्या आत आईनं दार उघडलं."

"कोण होतं?"

"दूधवाला," तो म्हणाला.

मावशी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमासाठी फोटो शोधायला आम्ही दोघं बसलो. लग्नातले, बारशातले, सगळे फोटो सारखेच. कॅमेरा आता चावणार असे मोठ्ठे केलेले डोळे. शेवटी सचिननं एक पाठवला. शूटिंगच्या जिन्यात ती बसली आहे, अर्ध्या चेहऱ्याला पांढरी पावडर, केस मोकळे, हातात भाकरीचा तुकडा, आणि तोंड उघडं टाकून हसते आहे. मी म्हटलं, "हा कसा लावायचा रे?" प्रशांतनं तो बराच वेळ पाहिला. "हाच लावायचा," तो म्हणाला.

विहारात त्या फोटोला हार घातलेला होता. फुलं वाहायला आलेल्या बायका एकेक करून समोर थांबत, हात जोडत, वर बघत... आणि त्यांना हसू आवरत नसे.