डावी बाजू माझी

आमच्या टेम्पोत मी क्लीनर. ही पदवी मला ह्यांनीच दिली, निवृत्त झाल्यावर, आणि मी ती आनंदाने स्वीकारली असं मुळीच नाही. ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या हाताला एक माणूस बसतो, खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळतो आणि "येऊ द्या, येऊ द्या, सायकल आहे, थांबा" असं ओरडत असतो, तो क्लीनर. ह्यांची सगळी नोकरी कालव्यांच्या कामावर गेली, ट्रकवाल्यांबरोबर ऊठबस झाली. त्यामुळे मोठी गाडी म्हटली की क्लीनर हवाच, ही ह्यांची पक्की समजूत. निवृत्तीनंतर ह्यांनी एक जुना प्रवासी टेम्पो घेतला, आतल्या सीटा काढून दोन बाकं ठोकली, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी बसवली, खिडक्यांना पडदे मी शिवले. पहिल्या दिवशी मला पुढे बसवून म्हणाले, "हे बघ, उजवी बाजू माझी, डावी तुझी. डावीकडे जे दिसेल ते मोठ्यांदा सांगायचं."

मी सांगत गेले. म्हैस, खड्डा, शाळेतून सुटलेली पोरं, उभा ट्रॅक्टर, वरातीतला नाचून दमलेला मामा. तोंड चालवायची मला सवय आहे, असं हे म्हणतात, तर त्या सवयीचा असा उपयोग झाला. अमरावतीपासून कन्याकुमारीपर्यंत आमच्या टेम्पोची डावी बाजू मी वाचवली, एक ओरखडा येऊ दिला नाही.

आमच्या वर्षाचे दोन भाग असत. थंडीत मुलीकडे, मस्कतजवळ अल खौदला. बाकीचे महिने, पाऊस फार नसेल तेव्हा, टेम्पोतून भटकायचं. नागपूरच्या घरी आम्ही फक्त कपडे धुवायला येतो, असं शेजारीण म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

अल खौदला गेलो तरी पाय घरात ठरत नसत. जावयांची एक जुनी, उंच, वाळूत चालणारी गाडी होती. मागच्या सीटा पाडून तिथे गादी टाकायची, स्टोव्ह आणि तांदूळ-डाळ घ्यायची आणि मधल्या वारी, सगळे ऑफिस-शाळेत असताना, एखाद्या वाडीत नाहीतर समुद्राकाठी मुक्काम करायचा. वाडी म्हणजे तिकडे डोंगरातली कोरडी नदी. कोणी हटकत नाही, कोणी विचारत नाही. हे दर वर्षी आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणत. फरक एवढाच की तिकडे सगळं उलटं: स्टिअरिंग डावीकडे, रस्त्याची उजवी बाजू आपली आणि मी ह्यांच्या उजव्या हाताला. पहिला आठवडा हे वळताना दिव्याऐवजी वायपर लावत आणि कोरड्या काचेवर तो कर्रकर्र फिरे. मुलगी हसून लोटपोट होई. दर वर्षीची ही करमणूक ठरलेलीच होती.

म्हणून त्या हिवाळ्यात गाडीचा डावा दरवाजा बौशरच्या मॉलमध्ये खांबाला घासला तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. "बाबा, टेन्शन नका घेऊ," जावई म्हणाले. "लेफ्ट-राइटचं कन्फ्युजन आहे. वीकभरात सेट व्हाल." मीही तेच म्हणाले. जो माणूस निम्मं वर्ष एका बाजूने चालवतो आणि निम्मं दुसऱ्या, त्याचं थोडं चुकणारच. पण खांबाकडे बघून हे काय म्हणाले ते माझ्या कानात राहिलं. म्हणाले, "हा कुठून आला?" खांब कुठून येणार? तो मॉल बांधला तेव्हापासून तिथेच होता.

आठवडा गेला, दुसरा गेला, वायपर बंद झाले, पण "हा कुठून आला" काही बंद होईना. तिकडे चौकात सिग्नलऐवजी बरेचदा गोल असतात. जो आधी गोलात शिरलाय त्याला वाट द्यायची असा नियम, आणि तो शिरलेला नेहमी डावीकडून येतो. हे गोलाशी थांबत, बघत, मग गाडी आत घालत आणि लगेच कोणीतरी जोरात हॉर्न मारी. मी उजवीकडून मान लांब करून बघायचा प्रयत्न करी, तर समोर ह्यांचंच डोकं. "मागे हो ना जरा," हे खेकसत, "मला दिसत नाही." 

डोळे तपासून घ्या, असं मी एकदा नाही, अनेकदा, चारचौघांतसुद्धा म्हणाले. "नागपूरला तपासलेत," हे म्हणाले. "चष्म्याचा नंबर होता तोच आहे." मुलगी म्हणाली, "आई, तू ना उगाच घाबरतेस." मला राग आला. घाबरणं हा जसा काही माझा छंदच होता.

त्यातच मुलीच्या ऑफिसची वेळ बदलली आणि नातीला शाळेतून आणायचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. नात दुसरीत. मला घरी थांबून स्वयंपाक उरकायचा असे, पण माझा जीव शाळेच्या रस्त्यावर टांगलेला. पोळ्या करपायच्या. मी गॅस बंद करून गॅलरीत उभी राहायची आणि ती पांढरी गाडी वळणावर दिसेपर्यंत आत यायची नाही. एकदा नात बूट काढता काढता म्हणाली, "आज्जी, यू नो, सगळे लोक आमच्याच कारला हॉर्न देतात. आजोबा फेमस आहेत." हे मोठ्याने हसले. मी हसले नाही. मुलगी संध्याकाळी आल्यावर तिला सांगितलं, तर तीही हसली, पण जरा उशिरा.

बरकाला आम्ही मासे आणायला गेलो तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. सकाळी बाजारातून सुरमई घ्यायची, तिथेच समुद्रकाठी दुपारचं जेवण करायचं आणि शाळा सुटायच्या आत परत यायचं, असा बेत होता. सुरमई छान मिळाली. हे खुशीत होते, कोळ्याशी मोडक्या अरबीत घासाघीस करून त्याला हसवत होते. तिथून निघून पहिल्याच गोलात आम्ही शिरलो आणि डावीकडून आलेल्या एका पिकअपने ब्रेक मारला तो आवाज माझ्या दातांत शिरला. पिकअप आडवी झाली. आदळली नाही. हातभर अंतर राहिलं असेल. ह्यांनी गाडी गोलाच्या पुढे कडेला घेतली आणि थांबवली.

पिकअपवाला मागोमाग येऊन उतरला. पांढरा डगला घातलेला, दाढी पिकलेला ओमानी म्हातारा. तो तरातरा आमच्या गाडीच्या डाव्या बाजूला आला, ह्यांच्या खिडकीशी उभा राहिला आणि हात उडवायला लागला. रागाने त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. काच खाली होती. तो इतका जवळ होता की त्याच्या अत्तराचा वास माझ्यापर्यंत आला.

आणि हे समोर बघत मला म्हणाले, "गेला वाटतं. बरं झालं. उगाच बोलणी खावी लागली असती."

म्हाताऱ्याचे हात हवेत तसेच थांबले. तो ह्यांच्याकडे बघत होता, मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं. त्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने हळूच खिडकीवर टकटक केलं. हे दचकले, मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठे त्यांना तो दिसला.

"बाबा," तो बाजारातल्या हिंदीत म्हणाला, "मैं कब से इधर खड़ा है." मग माझ्याकडे वळून, "माँ, इसको गाड़ी मत दो. खलास."

तो गेला. ह्यांनी किल्लीला हात घातला. मी दार उघडून खाली उतरले.

"अगं, बस ना. उशीर होतोय. शाळा सुटेल."

"मी बसणार नाही."

"तमाशा नको करूस रस्त्यात."

"तुम्ही गाडी चालू करून तर बघा. मी पुढे आडवी उभी राहीन." मी खरोखरच बॉनेटपुढे जाऊन उभी राहिले, हातात सुरमईची पिशवी. आजूबाजूच्या गाड्यांतून लोक बघत होते. मी रडत होते, पण हलले नाही. "जावयांना फोन करा," मी म्हणाले. "काय झालं ते तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

ह्या माणसाने आयुष्यात कोणाला रस्तासुद्धा विचारलेला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन लावला. "मला डावीकडचं दिसत नाहीये," म्हणाले, अगदी कामावरचा निरोप द्यावा तसे. "आम्हाला बरकाहून न्यायला कोणीतरी पाठवा. आणि शाळेतून तिलाही तुम्हीच आणा."

जावई येईपर्यंत आम्ही गाडीतच बसलो होतो. हे ड्रायव्हरच्या जागेवर, मी मागे गादीवर. मी विचारलं, "कधीपासून?"

"नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं. काचबिंदू म्हणाला. थेंब दिले होते."

"मग?"

"जळजळायचे फार. सोडले."

म्हणजे नंबर होता तोच आहे, हे खरं होतं. त्या खऱ्याआड ह्यांनी सगळं लपवलं होतं. मी संतापले. माझी नात ह्या गाडीत रोज मागे बसत होती, आपली वॉटरबॅग मांडीवर घेऊन, आजोबा फेमस आहेत म्हणत. "पोरीचा तरी विचार करायचा होता," मी म्हणाले. "काही झालं असतं म्हणजे?"

"हळू चालवायचो मी." मग म्हणाले, "टेम्पोत कधी काही झालं नाही ना. तिकडे डावीकडे तू असतेस. मला वाटायचं, दिसतंय."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू टेम्पो विकायला लावला असतास."

"लावला असता."

"मग मी काय केलं असतं घरी बसून?"

राग तसाच होता, तो अजूनही पुरता गेलेला नाही, पण ह्यांचा तो आवाज मला ऐकवेना. सुरमईला वास यायला लागला होता. दोघांनाही ती फेकून द्यावीशी वाटली नाही.

बौशरच्या डोळ्यांच्या डॉक्टर बाई मल्याळी होत्या, तरुण आणि फार सरळ बोलणाऱ्या. त्यांनी ह्यांचा एकेक डोळा झाकला, बाजूने बोटं धरली आणि किती म्हणून विचारलं. डाव्या डोळ्याच्या वेळी हे गप्पच राहिले. मी बाजूला बसून मनातल्या मनात उत्तर देत होते, जसं काही ते त्यांना ऐकू जाणार होतं. बाई म्हणाल्या, जे गेलं ते गेलं, ते परत येत नाही. उजव्यालाही सुरुवात आहे. थेंब एकही दिवस चुकवायचा नाही, गाडी बंद. हे मान डोलावत राहिले, कोणीतरी दुसऱ्याच माणसाबद्दल बोलत असल्यासारखे.

नातीला शाळेच्या व्हॅनमध्ये घातलं. मुलीने बापाला जवळ घेतलं, मग बाथरूममध्ये जाऊन पुष्कळ वेळ नळ सोडून ठेवला. ह्यांनी परवाना कपाटात ठेवला. उरलेले दिवस आम्ही गॅलरीत घालवले. नागपूरच्या टेम्पोचं काय करायचं हे मी विचारत नव्हते आणि हे सांगत नव्हते.

थेंब मी घालायला लागले, सकाळ-संध्याकाळ, स्वतःच्या हाताने. "दिसतंय ना?" विचारलं की हे म्हणत, "दिसतंय." पण ह्या शब्दावरचा माझा विश्वास बरकाला संपला होता. इतकी वर्षं संसार करून नवऱ्याच्या साध्या 'हो'वर विश्वास न ठेवता येणं ही वाईट गोष्ट आहे, मला ती फार लागली. म्हणून मी आपली रीत काढली. हे पेपर वाचत बसले की मी गुपचूप उजव्या बाजूने जायची आणि त्यांच्या कानाजवळ बोटं धरायची. पहिल्या दिवशी मान वर न करता म्हणाले, "तीन. आणि आता चहा टाक." मी आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले, हसले आणि रडले. मग रोज तेच. हे आकडा सांगत, तो बरोबर असे, आणि माझा तेवढा दिवस निघे.

परत निघायच्या आदल्या दिवशी बॅगा भरून झाल्या होत्या. हे गॅलरीत बसले होते. मी उजवीकडे उभी राहून दोन बोटं धरली.

"चार," हे म्हणाले.

माझा हात तसाच हवेत राहिला. मग हे वळले, माझं तोंड बघितलं आणि हसले. "अगं, चेष्टा केली. दोन. बघ, दोन."

'दोन' म्हणाले तेव्हा ह्यांची मान पूर्ण वळलेली होती. ती चेष्टाच होती का, हे मी विचारलं नाही.