सारसाच्या घरट्याजवळचं लाल फडकं

मित्रांनो, सकाळपासून घास उतरला नाही, म्हणून इथे लिहून राहिलो.

लाखांदूरजवळच्या आमच्या गावतलावात यंदाही सारसाच्या जोडीनं घरटं केलं होतं, काठच्या देवधानात, म्हणजे आपोआप उगवणाऱ्या रानधानात. अंडी होती. सारस बसला की त्या बाजूला आमच्याकडे कोणी ढोरं नेत नाही, जाळं टाकत नाही. सांगावं लागत नाही.

यंदा सारस वाचवायच्या नावानं निधी आला आणि त्यातून तलावाचं सुशोभीकरण निघालं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फरश्या, बाकडी आणि सिमेंटचा मोठा सारस. आज काठ खोदायला जेसीबी येणार हे कळल्यावर माझ्या मामांनी काल घरट्याजवळ बांबू रोवून लाल फडकं बांधलं. मशीनवाल्याला दिसावं, त्यानं लांबून जावं म्हणून.

मी पोचलो तेव्हा तिथं नुसता चिखल होता.

ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "भाऊ, आमच्या कामात लाल फडकं म्हणजे इथूनच खोदाचं. मले काय मालूम?"

मामा काठावर बसून होते. "मीच दाखवलो न गा त्यायचं घर," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

जोडी अजून तिथंच आहे. एक सारस वाकतो, चोचीनं चिखल उलटतो, थांबतो, परत वाकतो. मागे सिमेंटच्या सारसाला रंग देणं चालू आहे.

परवा उद्घाटन आहे. मामांचा सत्कार ठेवलाय, गावचे सारसमित्र म्हणून. त्यांना जा म्हणू, की नको म्हणू?