कार्ट्रिजवरचं कुंकू

मंडळी, आपल्या कॉम्प्युटर क्लबच्या फळ्यावर हे रागातच लिहून राहिलो.

आपले दोन कॉम्प्युटर एकमेकांशी जोडायले मी खापरखेड्याहून येऊन तीन महिने सोल्डरिंग केलं, मशीनच्या खाचेत बसणारे दोन कार्ट्रिज बनवले.

आज खंडेनवमी, क्लबात यंत्रांची पूजा. पूजा करणारे आपले वसंतकाका एका कार्ट्रिजच्या तांब्याच्या पट्ट्यांवर ओलं कुंकू लावू लागले. मी म्हटलं, "काका, तिथं नको, डब्यावर लावा."

"पूजेतलं तुले काय समजते गा?" म्हणत त्यांनी ते तसंच चालू मशीनमध्ये खुपसलं. ओल्या कुंकवानं पट्ट्या शॉर्ट होऊन धूर निघाला.

वर मलेच म्हणाले, "तुह्या सोल्डरिंगमध्येच खोट असन."

मी कार्ट्रिज उपसलं, तर पट्ट्या कुंकवानं लालभडक. सगळ्यांनी पाहिलं, अन् प्रसाद घ्यायले वळले.

माझ्या हातचं यंत्र पुजता, मग माझं ऐकायले काहून जिवावर येते? उत्तर खाली लिहा, नावासकट.