आधी खडू, मग हातोडी

माझ्या मामाला बस आगारात सगळे ‘वैद्य’ म्हणायचे, कारण तो गाड्यांची नाडी बघायचा. सकाळच्या पहिल्या गाड्या सुटण्याआधी तो रांगेतून फिरायचा. हातात वीतभर हातोडी, कानावर खडू. चाकाच्या प्रत्येक नटावर तो एक टिचकी मारायचा. घट्ट नट ‘टण्’ वाजतो, सैल नट ‘थप्प’. एका चाकाचे सगळे नट टण् म्हणाले की त्या टायरवर खडूची एक उभी रेघ, की चालला पुढच्या चाकाकडे.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना मी त्याला कंपन, वारंवारता वगैरे समजावायला गेले होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाळ, तू कंपन म्हण, मी टण् म्हणतो. नट तोच.”

गंमत म्हणजे ही हातोडी नियमपुस्तकात कुठेच नव्हती. मामाची नेमणूक गाड्यांचं तेल-पाणी बघण्यावर. नट आवळायचं काम कार्यशाळेचं, तेही महिन्यातून एकदा, किती जोर लागला ते काट्यावर दाखवणाऱ्या पान्याने. आणि रोज गाडी सुटताना चाकं बघायची ती ड्रायव्हरने स्वतः. बघितली म्हणून वहीत सही करायची. हातोडी मामाला त्याच्या वस्तादाकडून मिळाली होती, वस्तादाला त्याच्या वस्तादाकडून. त्यामुळे वीस वर्षं आगारात एकच रीत होती. ड्रायव्हर यायचा, टायरवरच्या रेघा मोजायचा, सही ठोकायचा, निघायचा. रेघ आहे ना? मग वैद्याने बघितलंय.

या ड्रायव्हरांतला एक होता गादीवाला. बायकोने शिवलेली फुलाफुलांची बारकी गादी घेतल्याशिवाय तो सीटवर बसायचा नाही. मामा त्याला चिडवायचा, “गाडी चालवतोस की लग्नात बसतोस?” तो म्हणायचा, “तुझी बायको तुला शिवून देत नाही, त्याला मी काय करू?” अशी दोघांची दोस्ती. मामा किस्से सांगण्यात पटाईत आणि गादीवाला ऐकण्यात. ऐकलेला किस्सा तो संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगायचा, थोडं तिखट-मीठ लावून.

त्या दिवशी मामाच्या अंगठ्याला पट्टी होती. हातोडी ठेव, खडू घे, खडू ठेव, हातोडी घे, यात अंगठा दुखत होता. म्हणून त्याने डोकं चालवलं: आधी एका फेरीत सगळ्या टायरांवर रेघा ओढून घेऊ, मग दुसऱ्या फेरीत नुसती हातोडी. हिशोब बरोबर होता. मी असते तर मीही शाबासकी दिली असती.

पहिली फेरी झाली. दुसरी सुरू करणार एवढ्यात गादीवाला आला, आणि मामाला एक ताजा किस्सा सांगायचा होता. कंडक्टर, एक म्हातारी आणि तिचा माणसाएवढा उंच आरसा. किस्सा ऐन रंगात आला आणि आगारातला भोंगा वाजला. गादीवाल्याने रेघा मोजल्या, सही केली, गादी झटकली. “उरलेला संध्याकाळी,” म्हणत तो हसत हसत गाडीत चढला. मामाही हसत होता. हातोडी त्याच्या खिशात होती.

गाडी रिकामीच होती, पहिल्या थांब्यावर जायची होती. उतारावर पुढचं डावं चाक निखळलं. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. गादीवाला जागच्या जागी गेला.

चौकशी तीन महिने चालली. अहवाल आला तेव्हा मामा तो घेऊन माझ्याकडे आला. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. “सरकारी भाषा आहे. तू शिकलेली. वाच.”

मी वाचलं. कार्यशाळेची नोंद चोख होती, तारखेनिशी. मामाचं नाव एकाच ठिकाणी होतं, तेल-पाण्याच्या खाली: ‘समाधानकारक’. आणि शेवटच्या पानावर: ‘चालकाने चाकांची तपासणी न करता तपासल्याची सही केली. अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे.’

“मामा, तुझ्यावर काहीच नाही,” मी उत्साहाने म्हणाले. “कायद्याने तू त्या चाकाला बांधीलच नव्हतास!”

“हं,” मामा म्हणाला. “म्हणजे वीस वर्षं मी ठोकत होतो ते उगाच.”

“असं नाही...”

“आणि तो रेघ बघून गेला, तेही उगाच.”

मग त्याने मला रेघांची गोष्ट सांगितली. तोवर कोणालाच माहीत नव्हती, मामीलाही नाही. मामी आत भाजी चिरत होती. सुरी थांबली.

“तरीच,” ती दारात येऊन म्हणाली. “तरीच तीन महिने घरात किस्सा नाही. मला वाटलं, मेलं वय झालं.”

“नट रस्त्यात सैल झाला असेल,” मी म्हणाले. “तू ठोकला असतास तरी टण् वाजला असता, असंही असू शकतं. सिद्ध काहीच होत नाही.”

“असेल,” मामा म्हणाला. “पण मी ठोकला नाही, हे तर सिद्ध आहे ना?”

मी अहवालाची घडी घातली.

गादीवाल्याची गादी आगाराच्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खोलीत पडून होती. ती पोहोचवायच्या निमित्ताने मामा त्याच्या घरी गेला. धीर म्हणून मला बरोबर घेतलं. वाटेत तीनदा वाक्य घोकलं. घरात गेल्यावर मात्र पंख्याला तेल हवंय का, नळ गळतो का, खिडकी नीट लागते का, सगळं विचारून झालं. खिडकी त्याने दुरुस्तही केली. वाक्य तेवढं निघेना.

गादीवाल्याच्या बायकोने, काकूंनी, गादी मांडीवर घेतली. मग मला म्हणाल्या, “तू शिकलेली आहेस ना? मला एक अर्ज लिहून दे. ती शेवटची ओळ काढा म्हणावं. हे जेवताना ताटातलं मीठसुद्धा तपासून घ्यायचे. हे चाक न बघता जातील? काय हो भाऊजी, तुम्हाला पटतं का?”

“नाही वहिनी,” मामा म्हणाला आणि चपला घालायला उठला. उजवी डाव्या पायात घातली.

दुसऱ्या दिवशी तो चौकशी अधिकाऱ्यासमोर उभा राहिला, मीही होते. अधिकारी भला माणूस होता, चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर शोधणारा.

“तुम्ही सुटला आहात,” तो म्हणाला. “आता काय हवंय?”

“ती शेवटची ओळ चुकीची आहे साहेब. त्याने तपासणी केली. आमच्या पद्धतीने केली. रेघ बघितली. रेघ खोटी होती, आणि ती माझी होती.”

“अहो, पण रेघ नियमात नाही. जे नियमात नाही, त्यात कसूर कशी होईल?”

“नियमात असती तर तो माझ्यावर विसंबला नसता साहेब. कागदावर विसंबला असता.”

साहेबांना चष्मा सापडला. त्यांनी मामाकडे नीट बघितलं. “हे लिहून दिलंत, तर तुमच्यावर खटला होणार नाही. पण विनापरवाना वीस वर्षं चाकं ठोकली म्हणून हातोडी जाईल. गाड्यांजवळची जागाही जाईल. विचार करा.”

मामाने विचार केला. किती? मी घड्याळ बघितलं नाही, पण टेबलावरच्या माशीला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत जायला पुरला. मग त्याने पेन मागितलं.

तिथून आम्ही थेट काकूंकडे. “कागद पोहोचायच्या आधी मी पोहोचलं पाहिजे,” एवढंच तो बसमध्ये बोलला.

या वेळी तो उंबऱ्याच्या आत गेलाच नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं: अंगठा, खडू, पहिली फेरी, किस्सा. काकू ऐकत होत्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत.

“गाडीत चढताना हसत होते?”

“हो.”

त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, मामाने दुरुस्त केलेल्या खिडकीसारखं नीट लावलं. मामा जिना उतरताना म्हणाला, “बरं झालं.”

मामाची बदली हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खोलीत झाली. तीनशे छत्र्या, एका पायाचे बूट आणि मामा. मामी म्हणाली, “योग्य जागी पोहोचलात. आता तिथे तुम्हाला कोणी न्यायला येतं का बघा.” छत्र्या मात्र त्याने आठवड्याभरात रंगाप्रमाणे लावल्या. आणि सकाळी खिडकीशी उभा राहून कान देऊ लागला, कारण ड्रायव्हरांनी आता स्वतःच ठोकायला सुरुवात केली होती. हातोडी प्रत्येकाची वेगळी, खडू कोणाकडेच नाही. एकदा तर खिडकीतून ओरडला, “अरे, तिसऱ्या गाडीचं मागचं पुन्हा ठोक! थप्प वाजलं!” नट खरंच सैल निघाला. वरून ताकीदही आली: वस्तू सांभाळणाऱ्याने चाकांत लक्ष घालू नये.

अहवालातली ओळ बदलायला पाच महिने लागले. नवी ओळ लांबलचक आहे: ‘आगारातील रूढ पद्धतीनुसार चाके तपासली गेली आहेत असे समजून चालकाने सही केली, त्यात चालकाचा निष्काळजीपणा आढळत नाही.’ मामाबद्दल तीत एक शब्द नाही. कायद्याला तो अजूनही सापडलेला नाही.

काकू नवी प्रत घ्यायला आगारात आल्या. मी त्या दिवशी मामाला डबा द्यायला गेले होते. त्या कचेरीतून निघाल्या, फाटकापर्यंत गेल्या, मग वळून खोलीच्या खिडकीशी आल्या. मामा उभा राहिला.

“ओळ वाचली,” त्या म्हणाल्या. “माफ केलं असं मी म्हणणार नाही.”

“नका म्हणू वहिनी.”

“तो किस्सा काय होता?”

मामाला कळेना. “कुठला?”

“ते संध्याकाळी येऊन मला सांगणार होते तो. माझा होता तो. सांगा.”

“अहो, अगदीच फालतू आहे.”

“सांगा म्हटलं ना.”

मामाने घसा खाकरला. आठ महिन्यांत त्याने एकही किस्सा सांगितला नव्हता. सुरुवात अडखळत झाली. “एक म्हातारी. बसमध्ये आरसा घेऊन चढली. माणसाएवढा. कंडक्टर म्हणतो, आजी, याचंही तिकीट लागेल, यात एक अख्खी बाई बसलीय...” हळूहळू आवाज सुटला, हात हलायला लागले. “...इथपर्यंत त्याने ऐकलं होतं.”

“पुढे?”

“म्हातारी म्हणते, मग तिच्याकडेच माग की. पैशांची पिशवी तिच्याही हातात आहे.”

काकू हसल्या नाहीत. पिशवीतला कागद त्यांनी नीट आत सारला.

“त्यांनी यात कंडक्टरला एक छत्रीही दिली असती,” त्या म्हणाल्या. “तिखट-मीठ कमी पडलं तुमचं.”

आणि त्या बस धरायला गेल्या. बसमध्ये चढण्याआधी त्या पुढच्या डाव्या चाकापाशी थांबल्या आणि ड्रायव्हरला काहीतरी म्हणाल्या. तो मुकाट्याने हातोडी घेऊन खाली उतरला. मामाने खिडकीतून कान दिला आणि माझा हात धरून बोटांवर मोजायला लागला. टण्. टण्. टण्.