अनवाणी फॉरवर्ड

जयपूरच्या सरकारी ऑफिसात मला नोकरी लागली ती माझ्या पायांमुळे. कोल्हापुरात मी लहानपणापासून अनवाणीच फुटबॉल खेळलो; घोट्याला पट्टी गुंडाळली की झालं. चेंडू पायाला लागताक्षणी तो कुठं जाणार ते कळायचं. ऑफिसच्या संघाला असाच फॉरवर्ड हवा होता. तीन-चार हिवाळे झोटवाड्याकडच्या रेताड मैदानावर मी गोल केले आणि टेबलावरचं माझं काम दुसऱ्यांनी निमूटपणे उरकलं.

मग सामन्यांत बूट सक्तीचे झाले. पाय पत्र्याच्या डब्यात कोंबल्यासारखा वाटायचा, चेंडू लागलेला कळायचाच नाही. एका हंगामात माझ्या खेळाची माती झाली. साहेब भला माणूस. म्हणाले, "अब आप लड़कों को सिखाइए." बायकोला वाटलं बढती मिळाली, तिनं शिरा केला. मैदान सुटलं नाही, एवढ्यावर मी समाधान मानलं.

पण शिकवायचं काय? "अंगठ्याच्या कडेनं काप!" असं मी ओरडायचो आणि पोरं बुटाच्या जाड चामड्याकडे बघत राहायची. मग मी आणखी भडकायचो. चीड खरं तर माझी मलाच यायची.

एकदा सामना तोंडावर आला असताना साहेब सराव बघायला आले. आमचा नवा फॉरवर्ड जयपूरजवळच्या चौमूचा, सरळ मनाचा गडी. तो म्हणाला, "साब, एक बार आप मारके दिखाओ." मी बुटानं मारला. चेंडू घरंगळत बाहेर गेला. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मी इरेला पेटलो. बूट काढून भिरकावले आणि अनवाणी पायानं असा फटका मारला की गोलकीपर जागचा हलला नाही. टाळ्या पडल्या. मला वाटलं, जिंकलो.

तो गडी जवळ आला. "बहुत बढ़िया, साब. पर ये अब हमारे किस काम का?"

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी भिरकावलेले बूट गोळा करायला लागलो. साहेब निघून गेले.

पुढच्या आठवड्यात नवा कोच आला. मला आवक-जावकचं टेबल मिळालं.

"बरं झालं की," बायको म्हणाली, "आता येळंवर घरी याल."

मी मान हलवली. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो आणि मला दुसरं काहीही येत नव्हतं.