सुईवरची म्हैस

मी दहावीत होते. गणपती गेले आणि चार दिवसांत आमच्या म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस दूध चोरायला लागली. बाबांनी सडाला हात लावला की लाथ झाडायची. आईने मिठागरातलं मूठभर खडं मीठ माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "तिच्या तोंडापुढं बस. चाटल तवर बोलत ऱ्हा."

मी बसले. त्या खरखरीत जिभेने हात सोलून निघेल असं वाटलं. पण हळूहळू तिची कास भरून आली, तिने पान्हा सोडला आणि बादलीत धार वाजली.

पनवेलहून उरणकडे जाताना आमचं गाव. शेती नव्या शहरासाठी गेलेली, उरली होती ही एक म्हैस. बाबा तिचं दूध सायकलवरून पनवेलला घालायचे. पहाटे आणि संध्याकाळी मी तिच्यापुढे ठाण मांडायचे. म्हशीशी बोलायचं तरी काय? मी बाईंच्या नकला करायचे, मैत्रिणींच्या चुगल्या सांगायचे. इतकं मन लावून माझं पुढे कुणी ऐकलं नाही, नवऱ्याने तर नाहीच.

पण दिवाळीपर्यंत मला तिचा कंटाळा आला. लिहायला लाज वाटते, पण आला. हाताला वास येतो म्हणून वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या, आणि क्लासची वेळ नेमकी धारेची. पनवेलच्या तबेल्यात सुई टोचली की म्हैस रेडकाशिवाय दूध देते, हे मी कुठूनसं ऐकलं होतं. एका रात्री जेवताना मीच बाबांना म्हटलं, "तशी सुई आणा ना. माझं दहावीचं वर्ष आहे."

बाबांनी तबेल्यातल्या गड्याकडून औषधाची बाटली आणली. सुई टोचली आणि पाच मिनिटांत धार लागली. मला सुटल्यासारखं झालं. आई तेवढी बोलली, "गरज सरो नि वैद्य मरो."

होळीच्या सुमारास बाबांनी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं, कारण म्हैस माजावर येत नव्हती. बाटली बघताच डॉक्टर वैतागले. "रेडकाच्या मायेने अंगात जे आपोआप सुटतं, तेच तुम्ही सुईने रोज दोनदा बाहेरून घालताय. तिला आता सुईचीच सवय लागली. गर्भाच्या पिशवीवरही ताण येतो, गाभण राहणं अवघड होतं."

आईने विचारलं, "आनि दूध पिनाऱ्यांना?"

"ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण माझ्या घरात मी पिऊ देणार नाही."

त्या दिवसापासून आमच्या घरात चहा कोरा झाला. पनवेलला मात्र दूध जातच राहिलं. तिथल्या पोराबाळांचा विचार आमच्यापैकी कुणीही मोठ्याने केला नाही, मीही नाही.

परीक्षा संपल्यावर मी पुन्हा मीठ घेऊन तिच्यापुढे बसले. आठ दिवस सुई बंद. ती हात चाटायची, माझ्याकडे बघायची. सगळ्या नकला झाल्या, चुगल्या झाल्या. कास दगडासारखी टणक झाली, पण धार येईना. शेवटी ती कळवळायला लागली, तेव्हा बाबांनीच पुन्हा सुई टोचली.

पुढेही ती गाभण राहिली नाही. निकालाच्या आठवड्यात बाबांनी तिला विकायला काढलं. व्यापारी टेम्पो घेऊन आला. त्याने विचारलं, "सुईवर हाय का?" बाबांनी होकाराची मान हलवली. मी तिच्या मानेला हात घालून उभी होते. तिच्या कानाशी काहीबाही बोलत होते, माफीसुद्धा मागत होते. धार बघून घ्यायला व्यापाऱ्याने खिशातून पत्र्याची डबी काढली आणि आतली सिरिंज जोडायला घेतली. काच खणकली. त्याने अजून तिला हातही लावला नव्हता, तोवर तिच्या चारही सडांतून दूध टपटप मातीत पडायला लागलं.

"चांगली तयार हाय," व्यापारी म्हणाला.

बाबांनी माझा हात तिच्या मानेवरून सोडवला. "तुजी दहावी झाली ना," ते म्हणाले, "मंग झालं."