नव्या मशीनच्या पाठीला हात

भिवंडीजवळच्या शेलारमध्ये विनिता भोईरच्या व्हिडिओ गेमच्या खोलीत शिरायचं तर आधी हात धुवावे लागतात. दाराबाहेर नळ आहे आणि नळाला जाळीच्या पिशवीत साबणाची वडी टांगलेली आहे. यंत्रमागावरून सुटून आलेला कामगार असो की कॉलेजातला मुलगा, हात पुसून दाखवल्याशिवाय विनिता कुणाला कंट्रोलर देत नाही.

"भाभी, अंदर ऑपरेशन है क्या?" कुणीतरी नवखा विचारतोच.

"कंट्रोलर बिगड़ा तो तेरी जेब का होगा," ती सांगते. "साबुन उधर है."

तिचा हा नियम अनुभवातून आला आहे. शेलारच्या हवेत सुताची बारीक रुई सतत तरंगत असते. ती केसांवर बसते, भातावर बसते आणि गेमच्या मशीनमध्ये शिरली की आतल्या पंख्याला चिकटून त्याचा नमदा करते. पंखा अडला की मशीन तापतं, आणि तापलं की ऐन गोल होताना बंद पडतं. विनिताने पहिलं मशीन असंच गमावलं. त्यानंतर ती पंखा खोलून ब्रशने साफ करायला शिकली. मशीनच्या पाठीमागे ती डासांची जाळी लावते आणि ती जाळी दर रविवारी धुते. तिच्याकडची तीन मशीन जुनी आहेत, कंपनीने ती बनवणं केव्हाच थांबवलं आहे, पण तिन्ही चालतात. तिला स्वतःला मात्र एकच गेम येतो, गाड्यांच्या शर्यतीचा. त्यातही ती ब्रेक फार लावते.

खोली म्हणजे सासऱ्यांचा जुना गाळा. रामनाथ भोईर यांचे साधे माग इथे चालायचे. बिनधोट्याचे वेगवान माग आले तेव्हा शेजाऱ्यांनी कर्ज काढून माग बदलले. रामनाथ म्हणाले, आपले चाललेत ना. पुढे त्यांच्या कापडाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि माग वजनावर भंगारात गेले. नवरा टेम्पो चालवतो. त्याच्या कमाईत घर भागेना तेव्हा विनिताने रिकाम्या गाळ्यात दोन सेकंडहँड मशीन मांडली. त्याला आता सहा वर्षं झाली.

नव्या मशीनची बातमी तिला प्रितेशने दिली. प्रितेश नात्याने तिचा चुलत दीर, राहनाळच्या एका गोदामात पॅकिंगला आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या सोफ्यावरून हलत नाही.

"वहिनी, दिवाळीला नवीन कन्सोल येतोय. पिक्चर बघशील तर येडी होशील. घाम दिसतो प्लेयरचा, घाम!"

"घाम बघायला पैसे कोण देतो? इथे सोफ्यावरच्या चौघांच्या अंगाला येतो तो फुकट दिसतो."

"हसू नको. भिवंडीत तो मोठा पार्लरवाला पहिल्या दिवशी लावणार हाय. बोर्डपण लागला."

पलीकडे खुर्चीवर बसलेल्या रामनाथांनी हे ऐकलं. सून मशीन लावते, बंद करते, पैसे घेते, हे ते रोज बघत, पण त्या धंद्यात त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं. त्या दिवशी घातलं.

"विनिता, नवीन येतंय तं घेऊन टाक."

"बाबा, किंमत तरी कळू दे."

"किंमत बघत बसलो म्हनून मी घरी बसलो. लोकांनी माग बदलले, मी न्हाय बदलले. तुला दिसतंय ना काय झालं ते?"

याच सुमारास नवशा पाटील घरी येऊ लागला होता. नवशा गोदामांच्या जागांची दलाली करतो. एका कुरिअरवाल्याला पार्सल ठेवायला रस्त्यालगत गाळा हवा होता आणि भाडं बरं मिळणार होतं. रामनाथांनी सुनेला सरळ सांगितलं: नवं मशीन घेऊन धंदा पुढे नेणार असशील तर गाळा तुझा. जुन्यावरच बसणार असशील तर गणपती झाले की नवशाला चावी देतो. गिऱ्हाईक जाताना त्यांनी एकदा बघितलं होतं, पुन्हा बघायचं नव्हतं.

म्हातारा नव्यासाठी अडून बसला होता आणि तरुण सून थांबा म्हणत होती. गल्लीत याची गंमत झाली. विनिताला ती गंमत वाटत नव्हती. गाळा गेला तर तिच्याकडे दुसरी जागा नव्हती.

तिने घाईने ना नकार दिला, ना होकार. प्रितेशकडून एकेक गोष्ट विचारून घेतली. किंमत अजून जाहीर व्हायची होती. साठ हजारांच्या आसपास, असा सगळ्यांचा अंदाज होता. त्या किमतीत डिस्क घालायची जागा नव्हती, ती वेगळी विकत घ्यायची. म्हणजे तिच्या कपाटातल्या डिस्क, ज्या ती जुन्या देऊन बदलून आणत असे, तशाच पडून राहणार. नवा गेम घेतला की तो त्या मशीनलाच बांधलेला, विकता येत नाही की बदलता येत नाही. दुसरा कंट्रोलर वेगळा. ऑनलाइन खेळायला महिन्याचे पैसे वेगळे. प्रितेशने मोबाईलवर दाखवलेलं चित्र मात्र खरोखर सुंदर होतं, आणि जुन्या मशीनवर जो गेम सुरू होईपर्यंत माणूस चहा पिऊन येई तो इथे डोळा लवेपर्यंत सुरू होत होता. विनिताने हेही मान्य केलं. तिला फक्त एक गोष्ट प्रत्यक्ष बघायची होती.

ठाण्याच्या एका मॉलमध्ये ते मशीन दोन दिवस लोकांना हाताळायला ठेवणार होते. प्रितेशने तिघांची नावं नोंदवली. रामनाथ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले.

मॉलच्या मधोमध मोठमोठे पडदे लागले होते आणि एकेका पडद्यासमोर एकेक मुलगा कानांवर हेडफोन चढवून बसला होता. प्रितेश रांगेत घुसला. विनिता पडद्याकडे गेलीच नाही. ती टेबलाला वळसा घालून मशीनच्या मागे गेली, खाली बसली आणि मशीनच्या पाठीला तळहात लावून थांबली.

कंपनीचा टी-शर्ट घातलेला मुलगा धावत आला. "मॅडम, पिक्चर पुढे आहे."

"पिक्चर बघतायत सगळे. ही गरम हवा कुठे जाते ते बघते. पंखा साफ करायला खोलता येतो?"

"सर्व्हिस सेंटरला द्यावं लागेल मॅडम. सील तोडलं तर वॉरंटी जाते."

"आमच्याकडे रुई उडते."

"एसी रूममध्ये ठेवा ना."

"एसीत रुई शिरत नाही?"

मुलगा हसला. मग विनिताने जी गोष्ट बघायला ती आली होती ती विचारली. "या फुटबॉलच्या गेममध्ये एका पडद्यावर चौघं बसून खेळू शकतात?"

"दोघं खेळू शकतात. बाकीचे गेम बहुतेक ऑनलाइन आहेत. प्रत्येकाने आपापल्या घरून खेळायचं, तेच बेस्ट."

"मग माझ्याकडे कशाला येतील?"

विनिता उठली, साडीची धूळ झटकली आणि रामनाथांना शोधू लागली. ते एका पडद्याजवळ उभे होते. पडद्यावर पाऊस पडत होता आणि त्यातला थेंबन् थेंब दिसत होता. पण रामनाथ पडद्याकडे बघत नव्हते, बसलेल्या मुलांकडे बघत होते.

परतीच्या बसमध्ये प्रितेश बोलत राहिला. बस कशेळीचा पूल ओलांडून पुढे आली तेव्हा रामनाथ म्हणाले, "एवढी पोरं बसलेली, नि आवाज न्हाय."

"हेडफोन लावलेले, काका," प्रितेश म्हणाला.

"ते कललं मला. माझे माग बंद झाले ना, दुसऱ्या दिवशी गाळ्यात गेलो, तं असाच वाटला गाळा. माणसं हायत नि आवाज न्हाय."

विनिताने संधी साधून हिशेब मांडला. तिच्या खोलीत माणशी तासाला पन्नास रुपये आहेत. एका मशीनवर चौघं बसले तर चौघांचे मिळतात, एकटा बसला तर एकाचे. तिच्याकडे लोक पडद्यासाठी येत नाहीत, शेजारी बसलेल्याला हरवायला येतात. "बाबा, तुमच्या कापडाला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. माझ्या सोफ्याला हाय. सोफा मोडला तर नवीन घेऊ. तो मोडलेला नाही."

"नि तो पार्लरवाला?"

"त्याच्याकडे जाणारे जातील. काही जातीलच."

रामनाथांनी लगेच हो म्हटलं नाही. खिडकीतून बघत म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू." पण गणपती झाले तरी चावी त्यांच्याच कनवटीला राहिली.

दिवाळीत नवं मशीन आलं. भिवंडीच्या पार्लरवर रांग लागली आणि विनिताची काही गिऱ्हाइकं तिकडे गेली. त्यातली काही परत आली, काही आली नाहीत. विनिता त्यांची नावं काढत नाही. पण नवं घेणाऱ्यांनी आपली जुनी मशीन विकायला काढली, आणि याचीच ती वाट बघत होती. कल्याणच्या एका घरातून तिने एक मशीन, चार कंट्रोलर आणि पिशवीभर डिस्क आणल्या. घेण्याआधी तिथेही ती मशीनच्या मागे जाऊन बसली, पाठीला हात लावून.

नवं मशीन ती कधीच घेणार नाही, असं तिचं म्हणणं नाही. चौघांना बसवणारे गेम त्यावर येऊ देत आणि पंखा खोलता येऊ दे, मग बघेन, म्हणते.

नवशा पाटील त्यानंतर एकदा थेट गाळ्यावर आला. कुरिअरवाल्याने भाडं वाढवलं होतं आणि ते सांगायला त्याला धीर धरवत नव्हता. रामनाथ दाराशी खुर्ची टाकून बसले होते. हात धुतलेत की नाही हे बघायचं काम हल्ली त्यांनी अंगावर घेतलं आहे. आत नव्याने आणलेल्या मशीनवर सामना रंगला होता. चौघं खेळत होते, मागे आठ-दहा जण उभे होते आणि प्रितेश सोफ्यावर उभा राहून रेफ्रीला शिव्या घालत होता.

"काका, पार्टी आता वाढवून देते!" नवशा ओरडला.

रामनाथांनी कानामागे हात धरला.

"भाडं! वाढवून देते!"

आत गोल झाला. रामनाथांनी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून, आणि नवशाला नळ दाखवला.